स्पर्धा परीक्षा: पूर्व, मुख्य आणि मुलाखतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाच वर्षं यूपीएससी आणि राज्यसेवेची तयारी केली. आता मुलामुलींनी सरावासाठी लिहिलेली उत्तरं तपासून देतो. जाहिरात आली किंवा निकाल लागला की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून नेहमीचे प्रश्न एका जागी आणले आहेत. नियम आणि तारखा बदलत राहतात. इथलं एखादं वाक्य आणि आयोगाची ताजी जाहिरात यांत फरक दिसला, तर जाहिरात धरायची.

1. यूपीएससी आणि राज्यसेवा यांत नेमका फरक काय? दोन्हींचा अभ्यास एकत्र होतो का?

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून आयएएस, आयपीएस, परराष्ट्र सेवा, महसूल सेवा अशा सेवांसाठी निवड होते. एमपीएससीच्या राज्यसेवेतून उपजिल्हाधिकारी, पोलीस उपअधीक्षक, तहसीलदार, गटविकास अधिकारी ही महाराष्ट्र शासनाची पदं मिळतात.

आता अभ्यास एकत्र होतो, आणि पूर्वीपेक्षा खूपच चांगला होतो. आधी राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत पर्याय निवडण्यावर भर होता, त्यामुळे पूर्वनंतर दोन्ही वाटा फुटायच्या. 2025 च्या परीक्षेपासून राज्यसेवा मुख्यही वर्णनात्मक झाली. हा बदल 2023 पासूनच येणार होता, पण पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि आयोगाने तो दोन वर्षं पुढे नेला.

उरलेला फरक महाराष्ट्राचा. राज्यसेवेला महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल, समाजसुधारक, राज्याची आर्थिक पाहणी हे सगळं बारकाईने लागतं. माझा सल्ला असा: पाया यूपीएससीच्या अभ्यासक्रमावर घाला आणि राज्यसेवा पूर्वच्या आधीचे तीन महिने महाराष्ट्राला द्या.

2. एकूण गुण किती? पूर्व परीक्षेचे गुण शेवटी धरतात का?

पूर्वचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. पूर्व ही फक्त चाळणी आहे.

दोन्ही परीक्षांचा आराखडा आता सारखा आहे. पूर्वमध्ये सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न 200 गुणांना आणि सीसॅटचे (उताऱ्यांचं आकलन, गणित आणि तर्क यांचा पेपर) 80 प्रश्न 200 गुणांना. सीसॅट फक्त पात्रतेपुरता आहे (प्रश्न 9 पाहा). मुख्य परीक्षेत निबंध 250, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी 250 आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर प्रत्येकी 250, असे 1750. दोन भाषांचे पेपर प्रत्येकी 300 गुणांचे असतात, पण तेही पात्रतेपुरते (प्रश्न 14). मुलाखत 275. एकूण 2025.

3. वयाची आणि अटेम्प्टची मर्यादा किती? फॉर्म भरला पण पेपरला गेलो नाही तर अटेम्प्ट जातो का?

यूपीएससीला किमान वय 21. खुला आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रवर्ग 32 वर्षांपर्यंत, 6 अटेम्प्ट. ओबीसी 35 वर्षांपर्यंत, 9 अटेम्प्ट. एससी-एसटी 37 वर्षांपर्यंत, अटेम्प्टची मर्यादा नाही. दिव्यांग उमेदवारांना आणखी सवलत आहे. वय परीक्षेच्या वर्षाच्या 1 ऑगस्टला मोजतात.

राज्यसेवेला किमान 19 आणि कमाल खुल्यासाठी 38, मागासवर्गीयांसाठी 43. तिथे सध्या वयाचीच मर्यादा आहे. वय कोणत्या तारखेला मोजायचं हे जाहिरातीत असतं, ते वाचल्याशिवाय फॉर्म भरू नका.

नुसता फॉर्म भरल्याने यूपीएससीचा अटेम्प्ट जात नाही. पण पूर्वच्या दोनपैकी एका जरी पेपरला बसलात तरी तो मोजला जातो. सकाळचा पेपर अवघड गेला म्हणून दुपारच्या सीसॅटला न बसता घरी गेलात, तरी अटेम्प्ट गेलाच. त्यामुळे दुपारचा पेपर द्याच. सकाळचा पेपर अवघड होता म्हणजे तो सगळ्यांनाच अवघड होता, आणि अशाच वर्षी कट ऑफ खाली येतो (प्रश्न 10).

4. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फॉर्म भरता येईल का? मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का?

शेवटच्या वर्षाला असताना पूर्व देता येते. मुख्यचा अर्ज भरण्याच्या टप्प्यावर मात्र पदवी हातात लागते. तुमच्या विद्यापीठाचे निकाल उशिरा लागत असतील तर महाविद्यालयात आधीच चौकशी करून ठेवा.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी चालते. पदवीला किती टक्के मिळाले याची अट नाही. कला शाखा घेतली म्हणून फायदा आणि इंजिनिअरिंग केलं म्हणून तोटा, असंही काही नाही.

5. सुरुवात कुठून करू? यादी तीस-चाळीस पुस्तकांची झाली आहे.

यादी बाजूला ठेवा. पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी वाचा: अभ्यासक्रम, आणि मागच्या पाच-सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका. प्रश्न सुटणार नाहीत आणि ते अपेक्षितच आहे. आयोग एखाद्या विषयात कुठे बोट ठेवतो हे डोळ्यांखालून जायला हवं. राज्यघटनेवर नुसतं कलम विचारतात की त्या कलमातला अपवाद विचारतात, हे प्रश्नपत्रिका पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग राज्य मंडळाची आणि एनसीईआरटीची शालेय पुस्तकं, आणि त्यानंतर प्रत्येक विषयाला एकच मुख्य पुस्तक. दुसरं पुस्तक चांगलं असेलही, पण पहिल्याच्या तीन फेऱ्या झाल्याशिवाय ते उघडू नका. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांची गाडी अडलेली असते त्यांनी कमी वाचलेलं क्वचितच असतं. वाचलेलं असतं भरपूर, पण प्रश्न सोडवलेले नसतात आणि उत्तर एकही लिहिलेलं नसतं. कपाटात किती पुस्तकं झाली हे मोजू नका. या आठवड्यात किती प्रश्न सोडवले आणि किती पानं लिहिली, ते मोजा.

6. पुण्याला किंवा दिल्लीला जावंच लागतं का? घरची परिस्थिती बेताची आहे.

नाही. पुण्याच्या पेठांमध्ये मिळतं ते वातावरण: अभ्यासिका, मेसमधल्या चर्चा, टेस्ट सिरीज, सोबत. त्याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण खोली, मेस, अभ्यासिका आणि क्लास असा चौपदरी खर्च घरच्या एका एकरावर किंवा आईच्या दागिन्यांवर चालणार असेल, तर आधी सरकारी दारं ठोठावा.

मुंबईत राज्य प्रशासकीय व्यावसायिक शिक्षण संस्था आहे. नागपूर, कोल्हापूर, नाशिक, अमरावती, छत्रपती संभाजीनगर इथे शासनाची भारतीय प्रशासकीय सेवा पूर्व प्रशिक्षण केंद्रं आहेत. प्रवेश परीक्षेतून निवड होते. पुण्यात यशदामध्येही मार्गदर्शन केंद्र आहे. शिवाय अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या संस्था प्रशिक्षण आणि विद्यावेतनाच्या योजना राबवतात. त्यांच्या जाहिराती थोडेच दिवस खुल्या असतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातीचा दाखला आधीच काढून ठेवला नसेल तर जाहिरात दिसते आणि मुदत संपते. दर वर्षी कोणी ना कोणी मला हे रडवेलं होऊन सांगतं.

7. रोज किती तास अभ्यास करावा? चालू घडामोडींना किती वेळ द्यावा?

तासांचं उत्तर माणसागणिक वेगळं असतं. सहा तास मन लावून केलेला अभ्यास पुरतो. चौदा तासांचं वेळापत्रक दहाव्या दिवशी कोलमडतं आणि त्यासोबत आपला स्वतःवरचा विश्वासही जातो.

चालू घडामोडींना रोज तास-सव्वा तास. एक वर्तमानपत्र आणि महिन्याचं एक संकलन, बस्स. वाचताना बातमी अभ्यासक्रमातल्या शीर्षकाखाली लिहा. राज्यपालांनी विधेयक रोखून धरल्याची बातमी असेल, तर ती 'चालू घडामोडी' नावाच्या वहीत न जाता राज्यघटनेच्या नोट्समध्ये कलम 200 शेजारी जायला हवी. तारखेच्या वह्या परीक्षेआधी कोणीही उघडत नाही. मीही कधी उघडल्या नाहीत.

8. निगेटिव्ह मार्किंगमध्ये किती प्रश्न सोडवावेत? अंदाजाने उत्तर द्यावं की सोडावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर हिशेबाने देता येतं.

यूपीएससीत बरोबर उत्तराला 2 गुण आणि चुकीला एक तृतीयांश, म्हणजे 0.66 वजा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असताना ठोकून दिलं तर दीर्घ हिशेबात हाती शून्य येतं. एक पर्याय खात्रीने उडवता आला तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी 0.22 गुणांचा फायदा होतो. दोन उडवता आले तर 0.67. राज्यसेवेत चुकीला एक चतुर्थांश, म्हणजे 0.5 वजा होतात. तिथे एक पर्याय उडवला की 0.33, दोन उडवले की 0.75. थोडक्यात, एक तरी पर्याय खात्रीने बाद होत असेल तर उत्तर द्या. काहीच माहीत नसेल तर सोडा.

यात 'खात्रीने' हा शब्द मोलाचा आहे. समजा प्रश्न असा आहे: एक, 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली. दोन, बाराव्या अनुसूचीत 29 विषय आहेत. तीन, राज्य निवडणूक आयुक्तांची नेमणूक राष्ट्रपती करतात. पर्याय: फक्त 1, 1 व 2, 2 व 3, तिन्ही. अकराव्या अनुसूचीत 29 आणि बाराव्यात 18 विषय, एवढं पक्कं असेल तर दुसरं विधान जातं, आणि त्यासोबत तीन पर्याय एका फटक्यात जातात. आयुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात हे आठवलं नाही तरी गुण मिळाले.

अलीकडे यूपीएससी 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?' असं विचारू लागली. पर्याय 'फक्त एक', 'फक्त दोन', 'सर्व', 'एकही नाही'. इथे एक विधान कळून भागत नाही, तिन्ही पक्की लागतात. असे प्रश्न पहिल्या फेरीत सोडून पुढे जा.

किती सोडवायचे, तर आकडा तुमच्या सराव पेपरांतून काढा. 80 सोडवून 60 बरोबर आले तर यूपीएससीत 106.67 होतात. 90 सोडवून 63 बरोबर आले तर 108. जास्तीच्या दहा प्रश्नांनी सव्वा गुण दिला. तुमच्याबाबतीत तो वाढतो की घटतो, हे दहा सराव पेपरांनंतर स्पष्ट दिसतं.

9. सीसॅट फक्त पात्रतेपुरता आहे. शेवटच्या आठवड्यात पाहिला तर चालेल ना?

नाही चालणार. हे मी जीव तोडून सांगतो, कारण माझा एक अख्खा अटेम्प्ट यातच गेला. सामान्य अध्ययनाचा पेपर छान गेला होता आणि सीसॅटला थोडक्या गुणांसाठी 66 गाठता आले नाहीत. निकालात नाव नव्हतं, आणि मी तीन महिने मुख्यचा अभ्यास करत बसलो होतो.

66 गुण, म्हणजे 33 टक्के, ऐकायला सोपे वाटतात. आता हिशेब बघा. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा. 40 सोडवले, 30 बरोबर, 10 चूक: यूपीएससीत 66.67, काठावर पास. त्याच 40 मध्ये 29 बरोबर आणि 11 चूक: 63.33, नापास. राज्यसेवेच्या एक चतुर्थांश वजावटीने तेच 29 आणि 11 मोजले तर 65.63. अर्ध्याहूनही कमी गुणासाठी वर्ष गेलं.

म्हणून पहिल्याच महिन्यात घड्याळ लावून जुना सीसॅट पेपर सोडवा. 90 च्या वर आले तर महिन्याला एक पेपर पुरे. 75 च्या खाली आले तर आठवड्यातून तीन दिवस एकेक तास सीसॅटचा. मराठी माध्यमाच्या मुलांना यूपीएससीत जास्त अडतात ते उतारे, कारण पेपर हिंदी-इंग्रजीत असतो. त्यावर गणिताची पाठांतरं उपयोगी नाहीत. रोज एक इंग्रजी संपादकीय वाचून त्याचं सार दोन मराठी वाक्यांत लिहायचं, हा उपाय मी अनेकांना दिला आहे आणि तो लागू पडताना पाहिला आहे.

10. कट ऑफ किती लागेल?

आधी कोणीही सांगू शकत नाही. यूपीएससी पूर्वचा खुल्या प्रवर्गाचा कट ऑफ 2016 मध्ये 116 होता आणि 2023 मध्ये 75.41. परीक्षा तीच, पण प्रश्नपत्रिकेचं वळण बदललं (प्रश्न 8 मधला 'किती विधाने' हा प्रकार आठवा). पेपर झाल्यावर चालणारे कट ऑफचे अंदाज ऐकत दोन महिने घालवू नका. 2023 च्या कट ऑफच्या वेळी कितीतरी जणांनी '85 म्हणजे गेलो' म्हणून पुस्तकं मिटली होती आणि ते पास झाले.

दुसरा आकडा जास्त लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच 2023 च्या परीक्षेत खुल्या प्रवर्गाचा मुख्यचा कट ऑफ 1750 पैकी 741 होता आणि अंतिम 2025 पैकी 953. म्हणजे 42 आणि 47 टक्के. दहावी-बारावीच्या नव्वद टक्क्यांची सवय डोक्यातून काढा. इथे प्रत्येक उत्तराला अर्धा-एक गुण जास्त मिळाला की यादीत जागा बदलते.

11. मुख्य परीक्षेत उत्तर कसं लिहायचं? मुद्दे सगळे येतात, पण गुण येत नाहीत.

पेपर तीन तासांचा. साधारण 20 प्रश्न: दहा 10 गुणांचे, दहा 15 गुणांचे. म्हणजे 10 गुणांच्या उत्तराला 7 मिनिटं आणि 15 गुणांच्या उत्तराला 11. शब्दमर्यादा 150 आणि 250 धरली तर तीन तासांत चार हजार शब्द. हे हाताच्या सवयीशिवाय होत नाही.

गुण न येण्याचं कारण तपासताना लगेच दिसतं: प्रश्नात जे विचारलंय ते उत्तरात नसतं. एक उदाहरण देतो. प्रश्न: 'पंचायतींना विषय मिळाले, पण निधी आणि कर्मचारी मिळाले नाहीत. चर्चा करा.' बहुतेक वह्यांची सुरुवात अशी: 'भारत हा खेड्यांचा देश आहे. प्राचीन काळापासून भारतात ग्रामसभा होत्या. 1957 मध्ये बलवंतराय मेहता समिती नेमली गेली...' दीड पान होतं आणि निधी हा शब्द अजून आलेला नसतो. परीक्षकाला यातून फक्त एवढंच कळतं की मुलाचा पंचायत राज हा धडा पाठ आहे.

हेच असं सुरू करा: '73 व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत 29 विषय दिले. पण कलम 243-जी नुसार राज्य विधिमंडळ पंचायतींना अधिकार देऊ शकते. त्यात सक्ती नाही. म्हणून हस्तांतरण राज्यागणिक वेगळे आहे.' तीन वाक्यांत तुम्ही प्रश्नाच्या मुळाशी पोहोचलात. पुढे निधी: घरपट्टी, पाणीपट्टीसारखे तोकडे स्वतःचे स्रोत, विशिष्ट कामालाच बांधलेली अनुदानं, राज्य वित्त आयोगाच्या शिफारशींची अंमलबजावणी. मग कर्मचारी: एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं. 'चर्चा करा' आहे, म्हणून दुसरी बाजूही हवी: महाराष्ट्रात 1961 च्या कायद्याने जिल्हा परिषदांना बरेच विषय आधीपासून होते, आणि हिवरे बाजारसारख्या गावांनी ग्रामसभेच्या जोरावर काम उभं केलं. शेवटी एक-दोन ठोस उपाय. संपलं.

लिहायला सुरुवात पहिल्या महिन्यात करा, 'अभ्यास झाल्यावर' नाही. आठवड्याला सहा उत्तरं. आणि ती कोणाकडून तरी तपासून घ्या. कोणी नसेल तर सोबत्याशी वह्या बदला. आपलं उत्तर दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावलं की कुठे गाडी भरकटली ते लगेच ऐकू येतं.

12. मराठी माध्यमातून मुख्य लिहिली तर कमी गुण मिळतात का?

माध्यमामुळे कमी गुण देण्याचा कोणताही नियम नाही, आणि मराठीतून लिहून यूपीएससी उत्तीर्ण झालेले अधिकारी आहेत. पण अडचणी खऱ्या आहेत, त्या लपवून उपयोग नाही.

पहिली: यूपीएससीत सामान्य अध्ययनाचे प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत छापलेले असतात. वाचायचं इंग्रजीत आणि लिहायचं मराठीत, याची सवय लागते. सरावाचे प्रश्नही इंग्रजीतूनच घ्या.

दुसरी: परिभाषा. राजकोषीय तूट आणि महसुली तूट यांत घोळ झाला तर अर्थच बदलतो. प्रत्येक विषयाची दोनशे-तीनशे शब्दांची दुभाषी यादी स्वतःच्या हाताने करा. पारिभाषिक शब्दापुढे कंसात इंग्रजी प्रतिशब्द द्यायची मुभा आयोग देतो, ती फक्त पारिभाषिक शब्दांपुरती वापरा. अर्धं वाक्य इंग्रजी झालं तर गुण कापले जाऊ शकतात.

तिसरी: वेग. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि वर शिरोरेषा, म्हणून हात जास्त चालतो. पण विभक्ती शब्दालाच जोडली जात असल्यामुळे तोच आशय मराठीत कमी शब्दांत बसतो. त्याचा फायदा घ्या. शिरोरेषा अक्षरागणिक न देता शब्द पुरा झाल्यावर एकदाच ओढा. काही जण ती गाळतात. अक्षर सुटं आणि वाचनीय राहत असेल तर हरकत नाही, पण 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' एकसारखे दिसायला लागले तर परीक्षक अडतो.

मुलाखतही मराठीतून देता येते.

13. वैकल्पिक विषय कोणता घेऊ? मराठी साहित्य खरंच 'स्कोअरिंग' आहे का?

500 गुणांचा निर्णय आहे, तो गर्दी पाहून घेऊ नका. तीन कसोट्या: वर्षभर कंटाळा न येता वाचता येईल का, साहित्य आणि तपासून देणारं माणूस मिळेल का, आणि मागच्या पाच वर्षांचे प्रश्न वाचून डोक्यात काही सुचतं का. तिसऱ्या कसोटीला एक दुपार पुरते.

मराठी साहित्य अनेकांना जमतं, कारण भाषेवर पकड असते. पण नेमलेल्या कलाकृती मुळातून वाचाव्या लागतात आणि भाषाविज्ञानही असतं. आयत्या नोट्सवर विसंबून लिहिलेलं उत्तर पहिल्या परिच्छेदात ओळखू येतं. कवितेची ओळ समोर ठेवून लिहिणाऱ्याला गुण मिळतात, 'कवीने समाजातील वास्तव मांडले आहे' असं लिहिणाऱ्याला नाही.

14. भाषेच्या पात्रता पेपरांची भीती वाटते. नापास झालो तर काय होतं?

प्रत्येकात 25 टक्के लागतात. ते मिळाले नाहीत तर बाकीच्या सात पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत. निबंध, सारांश, भाषांतर, व्याकरण असं स्वरूप असतं. इंग्रजीची धास्ती असेल तर मागचे चार पेपर घड्याळ लावून लिहा. मराठीला गृहीत धरणाऱ्यांनी सारांशलेखन तरी दोनदा करावं.

15. मुलाखतीत सगळ्यात जास्त काय विचारतात?

तुम्ही अर्जात भरलेलं. जिल्हा, पदवीचा विषय, छंद, आधीची नोकरी. धाराशिवच्या मुलाला दुष्काळ आणि ज्वारीबद्दल विचारतील, जळगावच्या मुलीला केळीबद्दल. छंदात 'वाचन' लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक खरोखर वाचलेलं हवं. माहीत नसेल तर 'माहीत नाही सर' किंवा 'मॅडम, आठवत नाही' एवढं स्वच्छ सांगा. मंडळ अज्ञान समजून घेतं, थापा नाही.

16. मी राज्यात भटक्या जमातीत येतो, माझी मैत्रीण मराठा, म्हणून एसईबीसीमध्ये (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग). यूपीएससीत आमचा प्रवर्ग कोणता?

इथे दर वर्षी चुका होतात. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी हे महाराष्ट्राचे प्रवर्ग आहेत. केंद्रात ते नाहीत. पहिल्या तिन्हींमधल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपल्या जातीचं नाव त्या यादीत स्वतः शोधा. सापडलं तर केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर तिथे चालत नाही.

मराठा समाज केंद्राच्या ओबीसी यादीत नाही. त्यामुळे तुमची मैत्रीण निकषांत बसत असेल तर केंद्रात ईडब्ल्यूएसमधून अर्ज करू शकते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, आणि उत्पन्न कमी असलं तरी 5 एकर किंवा जास्त शेतजमीन असेल तर ते मिळत नाही. सातबारा आधी पाहा. प्रमाणपत्र कोणत्या आर्थिक वर्षाचं हवं आणि कोणत्या तारखेच्या आत काढलेलं हवं हे जाहिरातीत दिलेलं असतं. तहसीलमध्ये शेवटच्या आठवड्यात गर्दी असते, महिनाभर आधी जा.

17. मी ओबीसी आहे आणि गुण खुल्या कट ऑफच्या वर आहेत. खुल्या जागेवर निवड होईल का?

यूपीएससीत होऊ शकते, अट एकच: कोणत्याही टप्प्यावर सवलत घेतलेली नसावी. वयाची किंवा अटेम्प्टची सवलत घेतली असेल, किंवा पूर्व-मुख्य प्रवर्गाच्या कमी कट ऑफवर पार केली असेल, तर शेवटचे गुण कितीही असले तरी तुमची गणना प्रवर्गातच होते.

18. एमपीएससीची उत्तरतालिका चुकीची वाटते. काय करता येतं?

आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवतो. ठरलेल्या मुदतीत, विश्वसनीय पुस्तकाच्या किंवा शासकीय प्रकाशनाच्या पुराव्यासह हरकत घ्या. अंतिम तालिकेत उत्तरं बदलतात, प्रश्न रद्दही होतात. परीक्षेनंतर मिळालेली उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत जपून ठेवा.

19. नोकरी करत तयारी होते का? कार्यालयाला सांगावं लागतं का?

होते, फक्त वेळापत्रक वेगळं लागतं. सकाळचे दोन तास वाचनाला, शनिवार-रविवार पूर्ण पेपर आणि उत्तरलेखन, वर्षाची रजा मुख्यच्या आधी एकगठ्ठा. पगार चालू असल्यामुळे परीक्षा हॉलमध्ये मन शांत राहतं, हा फायदा मोठा आहे. सरकारी नोकरीत असाल तर अर्ज केल्याचं कार्यालयप्रमुखांना लेखी कळवा आणि त्याची पोच घ्या.

20. तीन-चार अटेम्प्ट झाले. थांबावं का? घरी काय सांगू?

हे विचारताना अनेकांचा आवाज कापरा होतो. दुसऱ्याच्या वतीने याचं उत्तर मी देणार नाही, पण निर्णय कशावर घ्यायचा ते सांगतो.

मागच्या दोन परीक्षांच्या प्रश्नपत्रिका काढा आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे खूण करा: वाचलंच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, की येत असून घाईत चुकलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणा जास्त असतील तर दुरुस्ती सहा महिन्यांची आहे. फक्त या वेळी नवं पुस्तक आणायचं नाही. तीन वर्षं झाली आणि गुण तिथेच असतील, पेपर उघडायचीच इच्छा उरली नसेल, तर पुढच्या अटेम्प्टआधी दुसरं दार उघडा. याच अभ्यासावर गट-ब आणि गट-कच्या संयुक्त परीक्षा, सरळसेवा भरती, कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा देता येतात. 2024 मध्ये राज्यसेवा पूर्व 25 ऑगस्टवरून 1 डिसेंबरला गेली, तेव्हा ज्यांनी मधल्या काळात दुसरा एखादा पेपर दिला त्यांचे ते तीन महिने तरी वाया गेले नाहीत.

घरी निकालाच्या दिवशी सांगू नका, आधी सांगा. किती अटेम्प्ट उरलेत, कोणत्या महिन्यापर्यंत प्रयत्न करणार आणि त्यानंतर काय करणार, हे एका कागदावर लिहून आईवडिलांसमोर ठेवा. माझ्या वडिलांनी तो कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि त्यानंतर त्यांनी 'निकाल कधी?' असं एकदाही विचारलं नाही.